पट्टीएवढी फट

तीन वर्षं मी माझ्या भावाला एक साधी गोष्ट सांगितली नाही, आणि ती न सांगण्यात मला फार सुख मिळालं. मनात धरून ठेवलं की माणूस आतून कुढतो, असं मला बऱ्याच जणींनी समजावलं. माझी तर त्या तीन वर्षांत तब्येत सुधारली. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

गोष्ट आमच्या आबांच्या रायफलची. आबा म्हणजे माझे वडील. साक्री तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं गाव. मका कणसात आला की रानडुकरं उतरतात, म्हणून आबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि तीनशे पंधरा बोअरची बोल्ट रायफल होती. या रायफलला दर गोळीला बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस टुणकन बाहेर पडतं, मग मूठ पुढे लोटून खाली दाबायची. डुकरांवर आबांनी कधी नेम धरल्याचं मला आठवत नाही. ते हवेत एक बार काढत आणि घरी येऊन भाकरी खात. नेम ते धरत धुळ्याला, आमच्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर, वर्षातून एकदा.

परवानेधारकांची ती वार्षिक चाचणी असायची. पन्नास मीटरवर कागद, पाच गोळ्या. आबा तो कागद घडी करून गावी न्यायचे आणि दसऱ्याच्या दिवशी अंगणात पाटावर मांडायचे. रायफलला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि शेजारी तो कागद. सोनं द्यायला आलेला प्रत्येक माणूस हातातलं आपट्याचं एक पान त्या कागदावर ठेवून बघायचा. पाचही भोकं एका पानाखाली झाकली जायची. दरवर्षी. हा आमच्या अंगणातला दसरा होता. सोनं द्यायला म्हणून येणारी निम्मी माणसं त्या पानासाठीच यायची.

हे जमायचं कसं, ते गावात फक्त मला माहीत होतं. दस्ता, म्हणजे रायफलचं लाकूड, आबांनी स्वतः कोरला होता. शिसवीचा तुकडा चार उन्हाळे माळ्यावर वाळवला, मग नळी जिथे बसते ती पन्हळ बारीक पटाशीने पोखरली. नळी लाकडाला टेकता कामा नये, यावर त्यांचा सगळा जीव. गोळ्या झाडल्या की नळी तापते, तापली की जराशी हलते, आणि तेव्हा ती लाकडाला टेकली तर लाकूड तिला ढकलतं. पहिली गोळी बरोबर जाते, पुढच्या भरकटतात. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यात सगळीकडे फट हवी. ती तपासायला आबांकडे एक कागदाची पट्टी होती, माझ्या लग्नाच्या पत्रिकेच्या जाड कागदाची. नळीखाली पट्टी घालायची आणि पुढून मागे सरकवायची. अडखळली नाही की आबा मान हलवायचे. दस्त्याला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात, तोसुद्धा फडकं पिळून. पॉलिश नाही, रंग नाही. दिसायला ती रायफल एखाद्या कुदळीसारखी होती.

मला त्यांनी चौदाव्या वर्षी शिकवलं. पुढे मी धुळ्याला शाळेत खेळाची शिक्षिका झाले, क्लबची सभासद झाले, छोट्या बोअरची स्पर्धेची रायफल चालवू लागले आणि हळूहळू रेंजची देखरेखही माझ्याकडे आली. भावाला या कशातच रस नव्हता. तो शेती बघायचा, चांगली बघायचा, ते मी नाकारत नाही. पण रायफल त्याला दिवाळीतल्या फटाक्याइतकीच कळायची.

आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर भाऊ म्हणाला की साक्रीला जाऊन कागद करून टाकू. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून देतात आणि साडी नेसून घरी येतात. मला जमीन नकोच होती. जाताना गाडीतच मी त्याला म्हटलं, वावर तुझं, घर तुझं, मला फक्त आबांची रायफल हवी, माझा परवाना आहे, रीतसर नावावर करून घेईन. तो म्हणाला, हो, बघू.

कचेरीबाहेर टंकलेखकाच्या टेबलावर पाच कागद होते. मी चार वाचले. पाचव्याला हात घातला तेव्हा भाऊ म्हणाला, "अक्का, बठ्ठा कागद वावरनाच शेतस. सही कर, साहेब जेवाले उठी जाई." सगळे वावराचेच म्हटल्यावर मी सही केली. त्या पाचव्यावर आबांची रायफल भावाच्या नावे व्हायला माझी काही हरकत नाही, असं लिहिलेलं होतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं, त्याच्या परवान्याचे पेढे घरी आले तेव्हा.

मी फोन केला. तो जराही वरमला नाही. म्हणाला, "बंदूक बाईना हातमा शोभत नही, अक्का. गाव काय म्हनी?" वीस वर्षं मी रेंजवर उभी आहे, पोरींच्या दोन पिढ्यांना नेम धरायला शिकवलं, आणि माझा धाकटा भाऊ मला काय शोभतं ते सांगत होता. मी फोन ठेवला आणि ठरवलं की याची जिरवायची. कशी, ते ठाऊक नव्हतं. पण जिरवायची.

आबांच्या घरातून येताना मी एकच वस्तू आणली होती. साफसफाईच्या डब्यातली ती कागदाची पट्टी. भाऊ तेव्हा हसला होता, कचरा काय नेतेस म्हणून. मी ती पर्समध्ये ठेवली.

तो पहिला दसरा जवळ आला तशी भावाला रायफल नटवायची हौस आली. त्याची सासुरवाडी जळगावची. तिथे सोफे आणि दिवाण पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे तो दस्ता उतरवून घेऊन गेला. त्या माणसाने आपलं काम चोख केलं, त्याला मी दोष देत नाही. आतबाहेर, कोपऱ्याकोपऱ्यात, तीन हात पॉलिश. आबांनी चार उन्हाळे वाळवलेलं लाकूड शोकेसमधल्या बाहुलीसारखं चकाकायला लागलं. भावाने मोबाईलवर फोटो पाठवला, खाली हात जोडलेलं चिन्ह. मी उत्तरात अंगठा पाठवला.

त्या वर्षीच्या चाचणीला तो रेंजवर आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, सोबत गावचे चौघे. पहिली गोळी काळ्या वर्तुळात. चौघांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी तीन बोटं वर, तिसरी आणखी वर आणि उजवीकडे, पाचवी कागदाच्या कडेला. पाच भोकांची तिरकी ओळ, जणू कुणी शिडी लावली होती. कागद हातात घेतल्याबरोबर मला कळलं. तरी खात्री करायची होती. ते सगळे चहाला गेले, रायफल बोल्ट उघडा ठेवून टेबलावर होती. मी पर्समधून पट्टी काढली आणि नळीखाली घातली. अर्धं बोट गेली आणि अडकली. पन्हळीत पॉलिश साचून घट्ट झालं होतं.

त्या क्षणी मी हाक मारू शकले असते. पॉलिशपेपरचं अर्ध्या तासाचं काम होतं. मी पट्टी पर्समध्ये ठेवली आणि चहाला गेले. मनात उकळ्या फुटत होत्या. त्या दसऱ्याला अंगणातल्या पाटावर कागद मांडला गेला नाही, असं वहिनीने फोनवर सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं, अजिबातच नाही का? अजिबातच नाही, म्हणाली.

दुसऱ्या वर्षी तेच. त्याने आधी गावाबाहेर दुर्बीण बसवून आणली होती, कुणीतरी सुचवलं म्हणून. दुर्बिणीतून शिडी आणखी स्पष्ट दिसली असेल. त्या वर्षी सोबत दोघेच होते. जाताना त्याने मला विचारलं, अक्का, काय चुकतं गं? मी म्हटलं, सराव कर.

तिसऱ्या वर्षी क्लबच्या एका निवृत्त सुभेदारांनी टूम काढली. परवानेधारकांत कुणाची बोल्ट रायफल सरस यावर दरवर्षी भांडणं होतात, तर एकदा नीट तुलना करू, नेम, दस्ता आणि भरवसा, तिन्ही बघू आणि वहीत नोंदवू. नोंद कोण करणार? मी. मला तर कुणीतरी ताट वाढून समोर ठेवल्यासारखं झालं.

तीन रायफली आल्या. पहिली एका शेठची, धुळ्यातल्या जुन्या कापडदुकानाचे मालक. त्यांच्या आजोबांनी घेतलेली विलायती रायफल. अक्रोडाचा दस्ता इतका सुंदर की मी हात रुमालाला पुसून मगच लावला. लाकडातल्या रेषा मुठीच्या वळणाने वळलेल्या, पकडीच्या जागी हाताने कोरलेली बारीक जाळी. पण शेठ तिला मखमलीत ठेवायचे, तेल घालून विसरायचे, आणि ते तेल आत चिकट होऊन बसलं होतं. दर तिसऱ्या काडतुसाला बोल्ट अडायचा आणि शेठ तिला "बेटा, बेटा" करत समजावायचे. भोकं मात्र चांगली पडली, दोन पानांत मावतील अशी. दुसरी सुभेदारांची, नव्या घडणीची, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. दिसायला पाण्याच्या टाकीचा तुकडा. मी विचारलं, आवडतं का हे तुम्हाला? ते म्हणाले, आवडायला लग्न करायचंय का, पावसात ठेवा, उन्हात ठेवा, बदलत नाही. खरंच, तीस गोळ्यांत एकदाही अडली नाही, आणि भोकं तीन पानांत. ना कमी, ना जास्त.

तिसरी आबांची. बोल्ट लोण्यासारखा, काडतूस एकदाही अडलं नाही. आबांनी घासून घासून बसवलेला होता तो. भाऊ एकटाच आला होता. पहिली गोळी काळ्यात. मग शिडी. मधे थांबून नळी गार होऊ दिली असती तरी बरंच सुधारलं असतं, पण तो घाईघाईने, दात आवळून झाडत राहिला. सातआठ पानं लागली असती झाकायला. शेठनी मान वळवली, त्यांना बघवेना.

मी वहीत लिहिलं. भरवसा: उत्तम. दस्ता: चकचकीत. नेम: राहिलेला नाही. हे लिहिताना माझं अक्षर इतकं सुरेख आलं की मीच बघत राहिले. शेवटचा रकाना कारणाचा होता. तो मी कोरा ठेवला. पण सुभेदार तिथेच उभे होते, त्यांना आबा माहीत होते, आबांची पानं माहीत होती. त्यांनी विचारलं, "ताई, हीच ना ती रायफल? हिला काय झालं?" भाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "नळी गेली असेल. जुनी झाली."

इतकंच म्हणाले मी. भावाचा चेहरा पडला तो मी डोळे भरून बघितला. साक्रीच्या त्या टेबलावरचा पाचवा कागद आठवला आणि वाटलं, फिटलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. तो रायफल जमा करून टाकणार होता, कायमची. नळी गेलेली वस्तू ठेवून दर निवडणुकीला पोलिस ठाण्यात नेऊन ठेवायचा त्रास कशाला, परवानाही रद्द करून घेतो, त्यांना काय मोडीत काढायची ती काढू दे. मी त्याला तोंडावर पाडायला निघाले होते, आणि तो आबांच्या हातची वस्तू भट्टीत घालायला निघाला होता. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं की मग माझ्या नावावर कर. तो म्हणाला, "ते भंगार लई काय करशी?" मी म्हटलं, आठवण म्हणून ठेवीन. "लई जा," म्हणाला, म्हणजे घेऊन जा. या वेळी ना हरकतीवर त्याने सही केली, न वाचता.

सगळ्या परवानग्या होऊन रायफल माझ्या हातात यायला पुढचा पावसाळा उजाडला. मी तीन रविवार त्या पन्हळीतलं पॉलिश खरवडत बसले. दाबून आवळलेले दोन स्क्रू आबांच्या मापाने सैल केले. दुर्बीण उतरवली, बाहेरचं पॉलिशही काढलं, जवसाचं तेल चोळलं, आणि हळूहळू ती परत कुदळीसारखी दिसायला लागली. मग पट्टी घातली. सर्रकन मागेपर्यंत गेली. मी मोठ्याने हसले, घरात कुणी नव्हतं तरी.

आता सूड पुरा करायचा होता. मी भावाला रेंजवर बोलावलं, काम आहे म्हणून. तो मोटारसायकलवर आला. मी पाच गोळ्या झाडल्या. कागद आणून त्याच्या हातात दिला. दसरा पंधरा दिवसांवर होता, कुंपणाशी आपटा होता, एक पान तोडून कागदावर ठेवलं. पाचही भोकं झाकली गेली. मग पट्टी काढली, नळीखालून सरकवून दाखवली आणि तुझं सोफ्याचं पॉलिश अडकलं होतं, एवढंच सांगितलं.

त्याने पान उचललं, भोकं मोजली. मग म्हणाला, "तुले माहीत व्हतं?"

"व्हतं," मी म्हटलं. "पहिला वरीसपाईन."

मला वाटलं होतं तो चिडेल, ओरडेल, मग मी पाचव्या कागदाचं काढीन. सगळी वाक्यं पाठ करून गेले होते. पण त्याने कागद माझ्या हातात परत दिला, गाडीला किक मारली आणि तो गेला. माझी वाक्यं तोंडातच राहिली.

दसऱ्याला मी गावी गेले. रायफल घरी कुलपात, पण तो कागद नेला होता. अंगणात पाट मांडला, कागद ठेवला, वर झेंडूचं एक फूल. तीन वर्षांनी अंगणातल्या पाटावर कागद होता. लोक आले. शेजारच्या नानांनी वाकून भोकं पाहिली, पान ठेवलं, उचललं आणि म्हणाले, "भारी शे. नवी नळी टाकी का वं बेटी?"

मी म्हटलं, नाही नाना, आबांचीच आहे, सगळी आबांचीच.

"आबानी नळी तर जायेल व्हती ना. तूच सांगं ना तठे, धुयाले?" नाना काही टोचून बोलत नव्हते. धुळ्यात मी जे बोलले ते भावाकडून गावात पोचलं होतं, तेच सांगत होते. त्यांच्या मागचा एक जण हसून म्हणाला, "मंग आबाना ते पाच भोकं कसा व्हतात? पेन्सिलघाई पाडेल व्हतीन." आणि पेन्सिलच्या भोकांवर चारपाच जण हसले. वाईट हेतूने नाही. मेलेल्या माणसाची थट्टा करतात तसं, प्रेमानेच. पण हसले. आमच्या अंगणात, त्याच पाटासमोर, आबांच्या पानावर लोक हसले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी सांगायला लागले. पॉलिश, पन्हळ, तापलेली नळी, पट्टी. मी पर्समधून पट्टी काढूनसुद्धा दाखवली. ते ऐकत होते, शिक्षिकेचं ऐकतात तसं, मान हलवत. नळी गेली असं मीच म्हणाले होते, आता नाही गेली असंही मीच म्हणत होते, आणि मुलीने बापाची बाजू घ्यावी यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. ज्याने ती रायफल तीन वर्षं झाडली, जो दस्ता जळगावला घेऊन गेला, ज्याने माझ्यासमोर पाच भोकं पाहिली, असा एकच माणूस तिथे होता. तो एक वाक्य बोलला असता तर झालं असतं. दारात भाऊ उभा होता, हातात आपट्याची पानं घेऊन.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तूच सांग यांना. आबांची नळी कधीच गेली नव्हती."

तो पायऱ्या उतरून आला. धाकट्याने करावं तसं वाकून माझ्या पायाला हात लावला, उठून माझ्या हातात पान ठेवलं आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "तू तीन वरीस गप राहिनी ना, अक्का? आते मी बी गप राहसू."

मग वळून त्याने नानांना सोनं दिलं आणि आत चहा सांगितला. मी हातातलं पान कागदावर ठेवलं. पाचही भोकं झाकली गेली. तेवढ्यात चहा आला, आणि सगळे तिकडे वळले.